डोहाळ्याचं बिस्किट

तेहतीस वर्षं मी मँचेस्टरच्या लोकांच्या कानांत डोकावलो. त्या कानांतून मी मळ काढला, मणी काढले, एका सॉलिसिटरच्या कानातून तर त्याच्याच श्रवणयंत्राची बॅटरी काढली. पण आईचे डोहाळे पुरवले नाहीत म्हणून फुटलेला कान माझ्या पाहण्यात एकही आला नाही. हे मी माझ्या बायकोला, सुलक्षणाला, अगदी ठासून सांगितलं. तिने कणीक मळता मळता शांतपणे विचारलं, की अहो, पेशंटच्या आयांना तुम्ही तसं कधी विचारलं होतं का? विचारलं नव्हतं. आमच्या हॉस्पिटलच्या फॉर्मात तो रकानाच नव्हता. आणि रिटायर झाल्यावर, ज्या प्रश्नाचा रकाना आपण ठेवला नाही त्याचं उत्तर ठामपणे देणं अवघड जातं.

तर आमची मुलगी वरदा. ब्रिस्टलला विमानांच्या पंखांवर काम करते. तिला सातवा महिना लागला, आणि डोहाळजेवण आमच्या मँचेस्टरमधल्या डिड्सबरीच्या घरी जूनमधल्या एका रविवारी दुपारी बारा वाजता ठरलं. आठवडाभर आधी ती लॅपटॉप घेऊन राहायला आली. सोमवारी सकाळी सुलक्षणाने तिला काय खावंसं वाटतं ते विचारलं. विचारलं म्हणजे, चिंचेचं सार, आंबेडाळ आणि अळूवडी अशी उत्तरं तिने स्वतःच तयार ठेवली होती आणि अळूची पानं फ्रीजमध्येही होती.

वरदा म्हणाली, "बाबा, जानेवारीत तुम्ही मला गाडीतून आणलं ना, तेव्हा वाटेत एक ब्रेकफास्ट बिस्किट दिला होता. मला तो पाहिजे."

हे बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं नव्हे. हा अमेरिकन नाश्त्याचा प्रकार आहे. स्कोनसारखा दिसणारा, खारा, जाड, पदर सुटलेला गोल, आणि त्याच्या पोटात अंडं, चीज आणि सॉसेज. गेल्या काही वर्षांत लिली-मे आणि रेड सायलो नावाच्या दोन कंपन्यांनी इंग्लंडात या बिस्किटावरून हातघाई मांडली आहे. एकीने दुकान उघडलं की दुसरी समोर येऊन बसते. मोटरवेच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यांवर, तर दोघींचे काउंटर एकमेकींकडे डोळे वटारून बसलेले असतात.

जानेवारीची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगायला मला आवडत नाही. वरदाला उलट्यांनी इतकं बेजार केलं होतं की ती तीन दिवस हॉस्पिटलात सलाईनवर होती. जावई अंबरीश कामासाठी जर्मनीत अडकला होता. मी गाडी घेऊन गेलो आणि तिला घरी आणायला निघालो. डोळे उघडले की तिला गरगरायचं, म्हणून वाटभर तिने डोळे मिटलेले होते. कुठल्यातरी सर्व्हिसेसला मी गाडी थांबवली, एक बिस्किट आणलं, त्यातलं अंडं आणि सॉसेज काढून टाकलं आणि छोटे छोटे तुकडे करून तिला भरवलं. आठ दिवसांत तिच्या पोटात टिकलेलं ते पहिलं अन्न. मी त्या दिवशी फार घाबरलो होतो. इतका, की सर्व्हिसेस कोणती, काउंटर कोणता, यातलं काहीही माझ्या लक्षात राहिलं नाही. बँकेच्या स्टेटमेंटवर असेल म्हणावं, तर मी सुट्टी नाणी दिली होती, कारण कार्ड कोटात होतं आणि कोट वरदाच्या अंगावर होता. पुरावा म्हणून उरला होता तो माझ्या करड्या पँटवरचा एक पिवळा डाग. तो ड्रायक्लीनरलाही निघाला नाही आणि त्यावरून मला घरात बोलणी बसली होती. तो मस्टर्डचा असणार असं माझं निदान होतं.

चव कशी होती असं विचारल्यावर वरदाने डोळे मिटून सांगितलं की खमंग होता, आत काहीतरी भाजल्यासारखं होतं, आणि तो खाल्ल्यावर पहिल्यांदा तिला वाटलं होतं की आता आपण बरे होऊ. मुलगी इंग्लंडात वाढलेली, तिचं बिस्किट पुल्लिंगी आहे हे मी केव्हाच मान्य केलं आहे. पण हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मी उठून अंगात कोट घातला. रविवारी बाराच्या आत ते बिस्किट माझ्या मुलीच्या पुढ्यात आलं पाहिजे. सुलक्षणाने आणखी एक काळजी जोडली. लंडनजवळच्या इल्फर्डहून विहीणबाई, म्हणजे रेखाताई, येणार आणि पहिला प्रश्न विचारणार की सुनेला डोहाळे काय लागले आणि तुम्ही ते पुरवले का. या प्रश्नाला नाही म्हणण्याची सोय मुलीच्या आईबापांना नसते.

मी काम पद्धतशीर करणारा माणूस आहे. प्रथम एक तक्ता केला. त्यात पदर, खारटपणा, लोणी, भुगा किती पडतो, आणि "तोच आहे का" असे रकाने होते. मऊपणा मोजायला जीभ दाबायची लाकडी पट्टी घेतली. मग नियम केले. नियम क्रमांक एक असा, की रविवारपर्यंत या घरात लोणचं, चटणी आणि मेतकूट उघडायचं नाही, वरदाची जीभ स्वच्छ राहिली पाहिजे.

मेतकुटाचा उल्लेख करावा लागला, कारण ते आमच्याकडे मिठासारखं कायम टेबलावर असतं. सुलक्षणा ते घरी करते. डाळी भाजायला लागली की शेजारच्या बार्बराबाई खिडकी उघडून आज काय आहे ते विचारतात. मी ते भातावर घालतो, टोस्टवर घालतो, हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या मॅश पोटॅटोवरही घालत आलो. सुलक्षणा लांबच्या प्रवासात माझ्या पिशवीत एक स्टीलची डबी न विचारता टाकते. वरदाचं मात्र वेगळं आहे. सहा वर्षांची असताना शाळेच्या डब्यातल्या तिच्या मेतकूट-सँडविचला वर्गाने नाकं मुरडली. त्या दिवशी तिने जे सोडलं ते सोडलंच. सुलक्षणा अजूनही दर वेळी तिच्या ब्रिस्टलच्या सामानात एक डबी घालते आणि वरदा निघताना ती हळूच आमच्या कपाटात परत ठेवून जाते. दोघी त्याबद्दल कधी बोलत नाहीत. कपाटात त्या डब्यांची एक रांग झाली आहे.

मंगळवारी सकाळी सुलक्षणाने वरदाच्या रिकाम्या ताटलीशेजारी डबी ठेवलेली पाहून मी नियम क्रमांक एक मोठ्याने वाचून दाखवला. मी डबी उचलून गाडीच्या ग्लव्हबॉक्समध्ये टाकली आणि लिली-मेकडे निघालो.

लिली-मेमध्ये माणसाशी बोलता येत नाही, पडद्याशी बोलावं लागतं. मी पडद्यावर बिस्किट निवडलं. सॉसेज काढलं, अंडं काढलं, चीज काढलं. पडद्याने कळवलं की तुमच्या ऑर्डरमध्ये आता काहीच नाही, सुरुवातीपासून करायचं का? तीनदा सुरुवातीपासून केलं. शेवटी आजीच्या वयाच्या एक बाई आतून बाहेर आल्या आणि मला समजावून म्हणाल्या की लव्ह, अख्खं घे आणि नको ते काढून टाक, आम्ही सगळे आयुष्यात तेच करतो. मी अख्खं घेतलं. घरी पोचेपर्यंत त्याचा गरमपणा गेला आणि पट्टी त्यात शिरेना. वरदाने एक घास घेतला आणि मान हलवली.

बुधवारी रेड सायलोची पाळी होती, आणि नेमकी गाडी एमओटीसाठी, म्हणजे वार्षिक तपासणीसाठी, गॅरेजमध्ये गेलेली. मी ट्रॅमने गेलो. त्यांचा हॉल आठला उघडतो, त्याआधी फक्त गाड्यांची खिडकी चालू असते. वरदाची साडेआठला मीटिंग होती. तेव्हा मी गाड्यांच्या रांगेत पायी उभा राहिलो. माझ्या पुढे एक जीप होती आणि मागे प्लंबरची व्हॅन. खांबातल्या आवाजाने मला विचारलं की तुमचं वाहन कुठे आहे, मी म्हटलं गॅरेजमध्ये, आवाज म्हणाला मग सुरक्षेच्या नियमांमुळे तुम्ही दिसत असूनही आम्ही देऊ शकत नाही. मी रॉयल कॉलेजचा फेलो असल्याचं सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. अखेर प्लंबरला माझी दया आली, की त्याला उशीर होत होता, कोण जाणे, पण त्याने दार उघडून मला आत घेतलं. माजी कन्सल्टंट सर्जन मांडीवर कमोडचा नवा फ्लोट घेऊन खिडकीपाशी पोचला आणि एक बिस्किट मागितलं. ट्रॅममध्ये ते मी कोटाच्या आत ऊब देत आणलं. वरदा म्हणाली, हापण नाही.

एव्हाना बातमी फुटली होती. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्रेचाळीस मेसेज आले. एकीने खारीची रेसिपी पाठवली, एकाने बिस्किटातल्या मैद्यावर व्याख्यान दिलं, आणि कोणीतरी मतदान सुरू केलं, ज्यात "अळूवडी" पहिली आली. तो पर्याय कोणी घातला हे मी घरात विचारलं नाही. बार्बराबाई कुंपणावरून म्हणाल्या की हात थंड असले की स्कोन चांगले होतात, तुमचे हात फार गरम दिसतात. माझा मित्र स्वानंद, रिटायर्ड भूलतज्ज्ञ, याने तक्ता पाहून तो कचऱ्यात टाकायच्या लायकीचा आहे असं सांगितलं. दोन्ही बिस्किटं एकाच वेळी, ताजी, दुकानाच्या दारातच, आणि पेशंटचे डोळे बांधून दे, म्हणाला. चाळीस वर्षं यानं माणसं झोपवली आणि उरलेला वेळ सल्ले दिले.

गुरुवारी मी कागदोपत्री मार्ग धरला. दोन्ही कंपन्यांना ईमेलने पत्र लिहिलं, की जानेवारीच्या अमुक तारखेला सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान उत्तरेकडे जाणाऱ्या मोटरवेवर मला बिस्किट कोणी विकलं, आणि त्यात मस्टर्ड होतं का. दोघींनीही माझ्या उत्साहाबद्दल आभार मानले. आमच्या बिस्किटात मस्टर्ड कधीच नसतं, असंही दोघींनी कळवलं, तेव्हा पँटवरचा डाग निदानावाचून राहिला. बाकीची माहिती गिऱ्हाइकाची खाजगी असल्यामुळे देता येत नव्हती. ते गिऱ्हाईक मीच, असं मी कळवलं. मग ते सिद्ध करण्यासाठी पासपोर्टची प्रत, पत्त्याचे दोन पुरावे आणि एक फॉर्म लागेल, आणि उत्तर द्यायला कायद्याने एक महिना मिळतो. मी फॉर्म भरला. "तुम्हाला ही माहिती कशासाठी हवी" या रकान्यात काय लिहावं यावर अर्धा तास गेला. डोहाळ्यांना इंग्रजीत धड शब्द नाही, आणि जो आहे तो लिहिला तर वाचणाऱ्याला वाटेल की गरोदर मीच आहे.

शुक्रवारी स्वानंदचा सल्ला मानला. गाडी परत आली होती. जिथे दोन्ही दुकानं समोरासमोर आहेत त्या पार्किंगमध्ये वरदाला नेलं. दोन्ही बिस्किटं आणली, जानेवारीसारखंच वाटावं म्हणून तिच्या डोळ्यांवर सुलक्षणाचा स्कार्फ बांधला, आणि तुकडे भरवायला लागलो. पहिल्यावर ती नाही म्हणाली. दुसरा तुकडा तोंडाजवळ नेतो आहे, तोच काचेवर टकटक झाली. एक बाई बाहेर उभी होती. तिने माझ्याकडे न बघता वरदाला विचारलं की, डियर, तू सुरक्षित आहेस ना? आता एक पांढऱ्या मिश्यांचा माणूस, डोळे बांधलेली गरोदर मुलगी, आणि ती ठामपणे "नो, नॉट धिस वन" म्हणते आहे, हे बाहेरून कसं दिसलं असेल याची मला कल्पना आली. वरदाने स्कार्फ काढून ही इज माय डॅड असं सांगितलं. तेवढ्याने भागलं नाही. पार्किंगचा सुरक्षारक्षक आला, त्याने वहीत माझं नाव लिहून घेतलं, आणि प्रयोजन विचारलं. मी तक्ता दाखवला. त्याने तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि म्हणाला की सर, माझ्या मते लिली-मे. तोवर अकरा वाजले आणि दोन्ही दुकानांनी नाश्ता बंद केला. दुसरंही वरदाने चाखलं, तेही ते नव्हतंच. येताना गाडीत वरदा हळूच म्हणाली, बाबा, जाऊ दे ना. मी गाडी चालवत राहिलो.

शनिवारी दुपारी अंबरीश ब्रिस्टलहून आला आणि त्याचे आईवडील, रेखाताई आणि संजयराव, इल्फर्डहून आले. रेखाताई मनाने फार चांगल्या आहेत, फक्त त्यांच्या आधी आपलं वाक्य संपवता येत नाही. त्यांनी व्हॉट्सॲपवर सगळं वाचलं होतं. पिशवीतून त्यांनी हॉटपॉट काढला, आणि हॉटपॉटमधून इल्फर्डच्या रेड सायलोची सहा बिस्किटं. आमच्या इल्फर्डसारखी इथे कुठे मिळणार, हात वेगळा असतो, असं त्यांनी मला प्रेमाने सांगितलं. या बिस्किटांना हात नसतो, मशीन असतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण विहीणबाईंना उलट बोलायचं नाही, हे मला लग्न ठरलं तेव्हाच सुलक्षणाने बजावून ठेवलं आहे. सहा दिवस मी पायपीट केली होती आणि विहीणबाई हॉटपॉट उघडून मोकळ्या झाल्या होत्या. वरदाने एक तुकडा खाल्ला. सगळे बघत होते.

"हो आई," ती सासूबाईंना म्हणाली. "हाच."

रेखाताईंचा चेहरा उजळला. सुलक्षणाने मला डोळ्यांनीच दटावलं. पण मी तेहतीस वर्षं कानांबरोबर घसेही तपासले आहेत, लोकांना आवंढा गिळताना पाहिलं आहे. आवडीने गिळणं आणि भिडेखातर गिळणं यांत फरक असतो, आणि माझ्या मुलीने तो तुकडा भिडेखातर गिळला होता. माझी लाज गेली याचं मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त हे लागलं, की जानेवारीत जे तिला मी देऊ शकलो होतो ते आता देता येत नव्हतं. सर्वांसमोर सून म्हणून ती हो म्हणाली होती, आणि तो विषय संपला होता. माझ्यापुरता तो संपला नव्हता.

रविवारी सकाळी साडेसहाला मी गाडीची किल्ली घेऊन पाय न वाजवता बाहेर पडलो, तर अंगणात संजयराव बूट घालून उभे. घरात फुगे फुगवायचे आहेत, मला इथून न्या, म्हणाले. व्याही म्हणजे मानाचा माणूस, त्याला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे मोटरवेवर मी एकटा गुन्हेगार राहिलो नाही. त्यांना मी खरं सांगितलं. ब्रिस्टलकडून येताना ज्या सर्व्हिसेस लागतात तिथेच जाऊन बघायचं, शोध तिथेच लागेल. त्यांनी मान हलवली आणि हीटर लावला.

आम्ही मँचेस्टरहून दक्षिणेला निघालो होतो, आणि मी त्या दिवशी उत्तरेकडे येत होतो. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा आम्ही दक्षिणेकडच्या सर्व्हिसेसमध्ये उभे होतो. मधे मोटरवेच्या सहा लेन, पलीकडे तीच इमारत, आणि पलीकडे जायला पूल नाही. पुढच्या जंक्शनपर्यंत जाऊन, चुकीच्या फाट्याने एका गार्डन सेंटरमध्ये शिरून, तिथल्या कुंड्यांच्या सेलमधून वाट काढत आम्ही पलीकडे पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. समोरासमोर दोन काउंटर होते. मी दोन्हीकडून प्रत्येकी तीन बिस्किटं घेतली, सोबत लोण्याची छोटी पाकिटं, आणि गाडीत बसून तक्ता मांडीवर घेतला.

संजयरावांनी एक लिली-मेचं खाल्लं, मग रेड सायलोचं. बराच वेळ चावत राहिले.

"डॉक्टर, एक सांगू का? रेखाला नका सांगू. दोन्ही सारखीच बेचव आहेत."

मग हात पुसायला काही आहे का म्हणून त्यांनी ग्लव्हबॉक्स उघडला आणि त्यांच्या हाताला डबी लागली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि चेहरा खुलला. वहिनींचं मेतकूट, म्हणाले. मला विचारावंसंही त्यांना वाटलं नाही. बिस्किट उघडलं, आतलं अंडं बाजूला केलं, लोणी लावलं, चिमूटभर मेतकूट भुरभुरलं आणि तोंडात टाकलं. मग पिवळी झालेली बोटं त्यांनी सहज पँटला पुसली.

मी त्यांच्या पँटकडे बघत राहिलो. मग माझ्या. त्या दिवशी मी करडीच पँट घातली होती, आजही तीच होती, आणि तो पिवळा डाग नेमका त्याच जागी होता. आता सगळं आठवलं. वरदाचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. कोरडं बिस्किट तिला गिळवेना. मी पिशवीत हात घातला, डबी उघडली, लोणी आणि मेतकूट लावलं आणि भरवलं. मी टोस्टवर घालतो, मॅशवर घालतो, तसं इथेही घातलं, आणि विसरून गेलो, कारण ती माझ्या लेखी कृतीच नव्हती. माझ्या तक्त्यात पदरांना रकाना होता, भुग्याला होता. माझ्या पिशवीतल्या डबीला नव्हता. उलट ती डबी मीच सहा दिवस कुलपात घालून ठेवली होती, आणि सुलक्षणाने पहिल्याच दिवशी ती टेबलावर आणून ठेवली होती.

संजयरावांना सांगितलं तेव्हा ते पाच मिनिटं हसले आणि मग एकदम गंभीर झाले. रेखाचं रेड सायलो हरता कामा नये, म्हणाले, आणि तुमचं लिली-मेही नको. मी रेड सायलोचा नव्हतो तसा लिली-मेचाही नव्हतो, पण व्याह्यांनी मला एक बाजू दिली होती ती मी घेतली. उपायही त्यांनीच काढला. डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी, आणि गर्भारशीने एक उघडायची. आज पेढा-बर्फी नको, म्हणाले.

आम्ही बाराला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. हॉलमध्ये तीस माणसं होती, सगळ्यांनी आधी घड्याळाकडे आणि मग आमच्या पँटींकडे पाहिलं. वरदा हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून, फुलं गुंडाळलेल्या गार्डन चेअरमध्ये बसली होती. सुलक्षणाच्या हातात औक्षणाचं तबक होतं. मी स्वयंपाकघरात शिरलो, बिस्किटं तव्यावर गरम केली, लोणी लावलं, मेतकूट लावलं. एका वाटीखाली लिली-मे, दुसरीखाली रेड सायलो. संजयरावांनी वाट्या वरदापुढे ठेवल्या आणि रेखाताईंना सांगितलं की यात एक तुझ्या रेड सायलोचं आहे.

वरदाने डावी वाटी उचलली. बिस्किटाचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि नकळत डोळे मिटले. या वेळी तिला कोणी सांगितलं नव्हतं. गिळणं मी नीट पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली. "हा. हाच तो."

रेखाताईंनी लगेच विचारलं की कोणाचं निघालं. वरदाने उत्तर न देता दुसरी वाटी उघडली आणि त्यातलाही तुकडा खाल्ला. मग माझ्याकडे पाहिलं. "हापण तोच आहे. बाबा, हे काय टाकलंय तुम्ही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एका आठवड्याच्या संशोधनाचा निष्कर्ष तीस माणसांसमोर सांगायचा होता, आणि तो एका शब्दाचा होता.

"मेतकूट," मी म्हणालो. "तुझ्या आईचं."

मग स्वानंदने मागून विचारलं की कंट्रोल ग्रुप कुठे आहे, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. वरदा आईकडे बघत होती. तिच्या तोंडावर शाळेतल्या त्या डब्याची आठवण मला स्पष्ट दिसली. सुलक्षणाने तबक रेखाताईंच्या हातात दिलं आणि आत निघून गेली. मी मागे गेलो. ती कपाटापुढे उभी होती, डब्यांच्या रांगेपुढे, आणि पदराने डोळे टिपत होती. मला वाटलं आता मला बोलणी बसणार. ती एवढंच म्हणाली, "अहो, मंगळवारीच ठेवलं होतं मी टेबलावर."

मग तिने सगळ्यांत नवी डबी घेतली, वरून स्वच्छ पुसली आणि बाहेर आली. ओटी भरायची वेळ झालीच होती. वरदाने साडीचा पदर पुढे धरला. तांदूळ पडले, नारळ पडला, खण पडला, आणि त्यांच्यावर सुलक्षणाने स्टीलची डबी ठेवली. वरदाने पदर दोन्ही हातांनी गच्च मिटला आणि वाकून आईला नमस्कार केला. कान फुटण्याची चिंता आता नाही, असं कोणीतरी म्हणालं. ते मीच म्हणालो होतो. रेखाताईंनी सुलक्षणाला मेतकुटाची कृती विचारली, आणि पहिल्यांदाच सुलक्षणाचं वाक्य संपेपर्यंत थांबल्या.

दोन्ही कंपन्यांची उत्तरं महिन्याने आली. त्या दिवशी मला बिस्किट विकल्याची नोंद त्यांच्याकडे नाही. मी ती पत्रं तक्त्यासोबत फाइलला लावून ठेवली. तक्त्यातला "तोच आहे का" हा रकाना शेवटी मी पुरा केला, दोन्हींपुढे "हो" लिहिलं, आणि शेजारी कारणासाठी एक नवा रकाना आखला.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, वरदा आणि अंबरीश ब्रिस्टलला गेले होते. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर सुलक्षणा दाराशीच उभी राहिली. मी आत जाऊन कपाट उघडलं आणि डब्या मोजल्या. मग बाहेर येऊन तिला सांगितलं की या वेळची डबी परत आलेली नाही.